माईचं भाड्याचं घर

बाबांच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला घरात एकही कडक पदार्थ शिजला नव्हता, आणि त्याला कारण होतं माईचं खोटं.

खोटं तसं साधंच होतं. गेले काही आठवडे दुपारची जेवणं उरकली की ती आणि बाबा बाहेर पडायचे. पहिल्या दिवशी सुनेनं "कुठे निघालात?" म्हणून विचारलं तेव्हा माईच्या तोंडून निघून गेलं, "दाताच्या डॉक्टरकडे. यांची दाढ दुखतेय." झालं. एक खोटं पाळलं की त्याची पिल्लंही पोसावी लागतात. दाढेमागून हिरडी आली, हिरडीमागून कवळीचं माप आलं. धाकटी लेक भाताचा गिचका करायला लागली. सून पाव दुधात भिजवून वाटीत द्यायला लागली. थोरलीचं दुसऱ्या शहरात औषधांचं दुकान, तिनं तिकडून हिरड्यांना लावायचं मलम धाडलं, आणि ते बाबांना सगळ्यांसमोर लावून घ्यावं लागायचं.

बाबांचे दात खरं तर असे होते की अजूनही शिवणीचा दोरा ते दातानंच तोडत. आयुष्य सोफे बनवण्यात गेलं. बारीक खिळे दातांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचे, ही सवय. "अगं, किती दिवस हे लापशीसारखं गिळायचं?" ते माईच्या कानाशी कुरकुरायचे.

"करार होईपर्यंत," माई म्हणायची.

कारण दाताचा डॉक्टर म्हणजे बागेमागच्या गल्लीतल्या, तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. माईनं त्या पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, खिडक्या उघडून-मिटून बघितल्या, नळ सोडून बघितले, आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी घरमालकाच्या कागदावर बाबांच्या सहीखाली स्वतःची सही ठोकून ती घरी आली. येताना पावलं इतकी हलकी पडत होती की बाबा म्हणाले, "हळू चाल, माझा गुडघा बोंबलतोय." घरातला जिना त्याच गुडघ्यानं दिवसातून कितीदा चढायचा, हे तिलाच माहीत.

आता हे सांगायचं कसं, एवढाच प्रश्न उरला होता.

माई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली. कानाला यंत्र लावून चार लायनी एकदम ऐकायची सवय जन्माची जडलेली, त्यामुळे या घरात भिंतीआड कोण काय बोलतं हे तिला न ऐकताही ऐकू यायचं. मुलगा, म्हणजे सगळ्यांचा दादा, आणि सून आले होते ते चार-सहा महिन्यांसाठी. त्यांच्या जागेचं भाडं तेव्हा एकदम वाढलं होतं आणि नातीच्या कॉलेजची फी तोंडावर होती. नात शिकली, नोकरीला लागली, परगावी गेली. ते चार-सहा महिने काही संपले नाहीत. धाकटी नाटकांचे पोशाख शिवायची. हंगामात तिला मान वर करायला फुरसत नसे आणि हंगाम सरला की हातात दमडी नसे, म्हणून तीही "जरा जम बसेपर्यंत" माहेरी येऊन राहिली होती. घराचा कर, वीज, पाणी माईच्या पेन्शनीतून जायचं, किराणा दादा भरायचा, दूध-भाजी सून बघायची, धाकटी मिळतील तसे आणून ठेवायची. आणि गंमत अशी की हे घर आपल्याच खांद्यावर उभं आहे, असं प्रत्येकाला मनापासून वाटायचं.

"आई-वडील आमच्याकडे असतात," असं दादा लोकांना सांगायचा. तो शिकवायचा त्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या शिकाऊंना, शेजाऱ्यांना, फोनवर मित्रांना. "दोघांचं वय झालं, एकटं कसं सोडणार?" माईला पहिल्यांदा हे ऐकून हसू आलं होतं. मग नंतर एकदा तिनं त्याला सुनेशी बोलताना ऐकलं. पलीकडच्या शहरात स्कूलची नवी शाखा निघत होती, ती सांभाळशील का म्हणून त्याला विचारलं होतं, आणि तो नाही म्हणून आला होता. "यांना टाकून कसा जाऊ?" त्या दिवशी मात्र माईला हसू आलं नाही. आपण त्याच्यासाठी एवढं मोठं घर ओढतोय आणि तो आपल्यासाठी स्वतःला बांधून घेतोय, हा कुठला हिशोब? दोघंही उपकार करतायत आणि घेणारं कुणीच नाही.

पण हेही तितकंसं खरं नव्हतं, आणि माई स्वतःशी खोटं बोलत नसे. मुलांसाठी म्हणून ती निघालीच नव्हती. तिला स्वतःला जायचं होतं. लग्न होऊन ती आली ती सासूबाई, सासरे आणि तीन दिरांच्या घरात. दिरांचे वाटे तिनं आपल्या फंडाचे पैसे घालून सोडवले, तोवर मुलं झाली होती. मुलं मोठी झाली, गेली, परत आली. नवऱ्याबरोबर दोघंच असं राहणं तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. वाढदिवसाच्या दुपारी टेबलावर ताटं मांडताना ती जणू आपल्या नातीच्या वयाची झाली होती.

टेबलाभोवती सगळे बसले. थोरली सकाळीच येऊन पोचली होती. बाबांची मोठी बहीण, सगळ्यांची आत्या, काठी टेकत आली होती आणि नेहमीप्रमाणे भावासाठी अक्रोडांची पिशवी घेऊन आली होती. "छोट्या, तुझे अक्रोड," म्हणून तिनं ती पंच्याहत्तर वर्षांच्या छोट्यापुढे ठेवली.

"आत्या, बाबांना नाही चालणार," धाकटी म्हणाली. "त्यांची दाढ—"

"ठेव गं, बघायला तर चालतील," आत्या म्हणाली.

सूप झालं. कुस्करलेले बटाटे झाले. थोरलीनं दादाला विचारलं, "मग? बाबांच्या कवळीचा खर्च कोण करतंय?"

"मी बाजूला काढलेत," दादा म्हणाला.

"मी पण काढलेत," सून म्हणाली.

"अगं, मी कालच नाटकवाल्यांकडून उचल घेतली त्यासाठी," धाकटी म्हणाली.

नसलेल्या कवळीसाठी तीन-तीन जणांनी पैसे काढून ठेवले होते. माई बाबांकडे वळली, डोळ्यांनी काही सुचवावं म्हणून, आणि तिला दिसलं की बाबांचं कुठेच लक्ष नाही. आपल्याच तंद्रीत त्यांनी पिशवीतला एक अक्रोड उचलला होता आणि लहानपणापासूनच्या सवयीनं दाढेखाली सरकवला होता.

"अहो—" माई म्हणाली.

कडाड!

बाबांनी टरफल हातात काढलं, गर चघळला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"दाढ," थोरली सावकाश म्हणाली, "बरी झालेली दिसते."

"मलमानं," बाबा म्हणाले.

"बाबा, ते मलम हिरड्यांवरचं होतं. त्यानं अक्रोड फुटत नाहीत."

औषधाच्या दुकानात बसून माणसांची खोटी दुखणी ओळखण्यात थोरलीची हयात गेली होती. तिनं खुर्ची आईकडे वळवली. माईनं पदराला हात पुसले. एक्स्चेंजमध्ये एकदा प्लग जोडला की जोडला, मागे घेता येत नसे.

"आम्ही घर बघितलंय," ती म्हणाली. "बागेमागे. दोन खोल्या. आम्ही दोघं तिकडे राहायला जाणार."

आत्यानं हात लांब करून एक अक्रोड घेतला आणि छोट्यापुढे सरकवला, फोडून दे म्हणून.

सगळ्यात आधी थोरलीला वाचा फुटली, आणि ती दादावर घसरली. "मी म्हणत नव्हते? किती वर्षं सांगतेय, माईच्या पेन्शनीवर तुम्ही बसून खाताय! आली ना शेवटी वेळ त्यांच्यावर?"

"बसून खातो?" दादाचा आवाज चढला. "किराणा कोण भरतं? तुझं दुकान?"

"थांबा," माई म्हणाली. "माझं व्हायचंय अजून. हे घर रिकामं राहणार नाही. तुम्ही सगळे इथेच राहा, हवं तितके दिवस. फक्त भाडं द्यायचं. मला. त्या पैशांतून मी तिकडचं भाडं भरीन आणि माझी पेन्शन माझ्याकडे राहील."

आता मात्र थोरलीचा चेहरा पार बदलला. "भाड्याच्या घरात? या वयात? माई, लोक काय म्हणतील? मुलांनी म्हाताऱ्यांना घराबाहेर काढलं म्हणतील! माझ्या दुकानात दिवसभर माणसं येतात, मी काय सांगू त्यांना?"

"आत्ताच तर म्हणालीस, मी बसून खातो म्हणून," दादा म्हणाला.

"ते वेगळं! दादा, तू यांना समजाव ना."

अशी दोघं भावंडं, जी गेली कित्येक वर्षं सरळ बोलत नव्हती, एका क्षणात एका बाजूला झाली. माईला त्याचंही बरंच वाटलं.

"स्वतःच्या घरात भाडं द्यायचं," दादा टेबलाकडे बघत पुटपुटला. "स्वतःच्या घरात."

"तुझ्या नाही रे," माई मऊपणानं म्हणाली. "माझ्या."

तेवढ्यात सून बोलली. ती इस्पितळात परिचारिका होती, गोंधळात डोकं शांत ठेवणं हे तिचं रोजचंच काम. "माई, भाडं नुसत्या वरच्या मजल्याचं, की खालचं स्वयंपाकघर धरून?"

"अगं, तू काय विचारतेयस!" दादा ओरडला.

"मी भाडेकरू आहे ना? मग विचारायला नको?" सून त्याच्याकडे न बघता म्हणाली. "स्वयंपाकघर धरून असेल तर मला ती मोरीजवळची मांडणी काढून ओटा वाढवायचाय. इतकी वर्षं मनात आहे. भाड्याच्या घरात विचारून काढता येते. सासूच्या घरात विचारतासुद्धा येत नाही."

माईनं सुनेकडे पाहिलं. दोघी इतकी वर्षं एकाच ओट्यापाशी एकमेकींना कोपर न लागेल अशा बेतानं वावरल्या होत्या, आणि ती मांडणी माईलाही कधी आवडली नव्हती. ती सासूबाईंची होती.

"धरून," माई म्हणाली. "काढ ती मांडणी. उद्याच काढ."

दोघींना एकदमच हसू फुटलं. धाकटी मात्र हसत नव्हती. तिनं चमचा खाली ठेवला होता. "माई," ती म्हणाली, "मला नाही गं जमणार भाडं. पावसाळ्यात, नाटकं बंद असली की... मी कुठे जाऊ?"

हा प्रश्न येणार हे माईला माहीत होतं, आणि याचं उत्तर तिचं नव्हतंच. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी अक्रोडाची टरफलं एका बाजूला केली.

"पुढची खोली," ते म्हणाले. "माझी कामाची. किती वर्षं नुसतं भंगार साठलंय तिथे. तू त्या आतल्या बोळात मशीन घालून बसतेस, उजेड नाही, गिऱ्हाईकाला बसायला जागा नाही. रस्त्याला दार आहे त्या खोलीला. पाटी लाव. नाटकं नसतील तेव्हा लोकांचे कपडे शीव, पडदे शीव, सोफ्याची कव्हरं शीव. कव्हर कसं बेतायचं, मी येऊन शिकवीन. कमवायला लागलीस की भाडं दे. माफ नाही करणार हं."

"माफ नकोच आहे मला," धाकटी म्हणाली. डोळे भरले होते, पण मनात पाटीवरची अक्षरंही मांडून झाली होती. माई तिला ओळखून होती.

दादा उरला. तो बाबांकडे वळला, आणि माईला भीती होती ती याचीच. बाबा मुलापुढे नेहमी वितळायचे. लहानपणी त्यानं शाळा बुडवली तरी पोटदुखीची चिठ्ठी बाबाच द्यायचे.

"बाबा, ते सगळं जाऊ दे. तुम्ही सांगा," दादा म्हणाला. "तुम्हाला जायचंय? की माई म्हणते म्हणून?"

माईला वाटलं, आता हे म्हणणार, जाऊ दे बाळा, राहतो आम्ही. करार रद्द करायला काय लागतं, एक फोन.

"मला तुझ्या आईशी भांडायचंय," बाबा म्हणाले.

"काय?"

"भांडायचंय. मोठ्यानं. लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली, पण या घरात एकदा घसा मोकळा सोडून भांडता आलं नाही. आधी आई ऐकेल, मग भाऊ ऐकतील, मग तुम्ही झोपलेले असायचात, मग सून काय म्हणेल. सगळी भांडणं आम्ही कुजबुजत केली. असं नीट भांडण होतं का? आणि मिटवायचं झालं तरी कुजबुजतच." ते थोडे लाजले. "मला जायचंय. हिच्याहून जास्त जायचंय. त्या भंगाराआड लपवून मी तिकडे ठेवायला सोफा पण बनवलाय. दोन माणसांपुरता. तिसरं बसूच शकणार नाही."

आत्या इतकी हसली की तिची काठी खाली पडली. थोरली हसू दाबत पाण्याचा पेला तोंडाला लावून बसली. माईला मात्र हसता येईना. तिनं टेबलाखालून बाबांचा हात धरला आणि सोडला नाही.

दादा उठून बाहेर गेला.

थोड्या वेळानं माई त्याच्या मागे गेली. फाटकासमोर त्याची शिकवणीची गाडी उभी होती आणि तो आत बसला होता. सवयीनं शिक्षकाच्या बाजूला, त्यामुळे रिकामी होती ती चालकाची जागा. माईनं दार उघडलं आणि सरळ स्टिअरिंगसमोर जाऊन बसली.

"सीट पुढे घे," दादा आपसूक म्हणाला. "पाय पोचत नाहीत तुझे."

"मला कुठे चालवायचीय?" ती म्हणाली. पण सीट पुढे घेतली.

दोघं समोर बघत बसले. उन्हं कलली होती. शेजारची बाई कुंड्यांना पाणी घालताना वाकून वाकून बघत होती.

"तू मला सांगितलं असतंस तर तिकडचं भाडं मीच भरलं असतं," दादा म्हणाला.

"म्हणून तर सांगितलं नाही. तू भरलंस की तो तुझा आधार. भाडेकरूनं भरलं की तो माझा हक्क. मला आधाराचा कंटाळा आला रे. देण्याचाही आणि घेण्याचाही."

"आम्ही काही कमी केलं का, माई?"

"जास्त केलंत. त्या शाखेला नाही म्हणून आलास."

तो चमकला. "तुला कुणी सांगितलं?"

"भिंतीनं. आता विचार त्यांना, जागा अजून भरली नसेल तर. आम्ही तुझ्याकडे असत नाही, बाळा. तू आमच्याकडे होतास. आणि फार छान राहिलास. पण तुला नाही जायचं तर नको जाऊस, इथेच राहा. फक्त आमच्यासाठी म्हणून राहू नकोस, एवढंच."

दादानं हाताच्या पंजानं डोळे पुसले आणि विचारलं, "आणि समज, मी भाडं थकवलं तर?"

"काढीन घराबाहेर."

"सख्ख्या मुलाला?"

"सख्ख्या मुलाला फार तर महिनाभराची मुदत देईन."

तो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, शाळेत असताना हसायचा तसा. माईही हसायला लागली, आणि हसता हसता तिचं कोपर हॉर्नवर पडलं. गल्ली दणाणली. शेजारच्या बाईच्या हातून झारी निसटली, आणि घरातून सगळे दारात धावत आले. सगळ्यांत पुढे बाबा, गालात अक्रोड धरून.

पुढच्याच आठवड्यात सामान हललं. सामान ते काय, पलंग, रेडिओ, थोडी भांडी आणि बाबांचा दोघांपुरता सोफा. ते सगळं छोट्या टेम्पोनं गेलं आणि माई-बाबा गेले दादाच्या गाडीतून, जिच्या टपावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'शिकाऊ चालक, सांभाळा.' चौकात माणसं वाट देत होती आणि मागे बसलेले ते दोघं मंत्र्यासारखे दोन्ही बाजूंना हात हलवत होते. सुनेनं आधीच जाऊन खोल्या पुसून ठेवल्या होत्या. पलंग कुठे ठेवायचा यावर तिनं मत दिलं नाही, मागितलं तरी दिलं नाही. धाकटीनं खिडक्यांना पडदे लावले आणि आपलं पहिलं बिल फाडून बाबांच्या हातात ठेवलं, आणि बाबांनी ते मुकाट्यानं चुकतं केलं. थोरलीचा दिवसभरात चार वेळा फोन आला. शेवटच्या फोनवर ती म्हणाली, दुकानात एका आजोबांना सहज सांगितलं, तर ते विचारत होते तसल्या खोल्या आणखी कुठे आहेत का.

संध्याकाळी सगळे निघाले. दादा दाराशी घुटमळला. आईच्या घरातून पाहुण्यासारखं निघायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"येतो मग," तो म्हणाला. "उद्या येऊ?"

"फोन करून ये," माई म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "परवा ये. जेवायलाच ये दोघं."

गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला. खोल्यांत एकदम सामसूम झाली. बाबा सोफ्यावर बसून जागा चाचपत होते, माई मधोमध उभी होती. कुणाचं जेवण राहिलं नव्हतं, कुणी यायचं बाकी नव्हतं.

"बागेत जाऊन येऊ या?" बाबा म्हणाले. "उजेड आहे अजून."

"चला."

ती चपला घालून बाहेर आली, आणि दार ओढून घेताना थबकली. त्या भरल्या घरात कुणी ना कुणी असायचंच. बाहेर पडताना कुलूप लावायची वेळ तिच्यावर आयुष्यात कधी आली नव्हती. घरमालकानं दिलेलं पितळी कुलूप खिडकीत पडलं होतं. तिनं ते उचललं, कडीत अडकवलं, दाबलं. खट्ट झालं. तिनं ओढून पाहिलं. मग पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

"एवढं काय ठेवलंयस आत?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"मला लावायचं होतं," माई म्हणाली. किल्ली तिनं कमरेला खोचली आणि बाबांच्या गुडघ्याला झेपेल अशा बेतानं, पण त्यांच्या एक पाऊल पुढे, चालायला लागली.